सगळे आले का, असं विचारू नकोस

शनिवार पेठ, सातारा
मंगळवार, सकाळ

चि. सायली हिस अनेक आशीर्वाद.

रविवारी रात्री तुझा फोन मध्येच तुटला. "आप्पा, इथं रेंज..." एवढंच ऐकू आलं. नंतर मी तीनदा लावला. बामणोलीच्या पुढं रेंज नसते हे मला माहीत आहे, तरी लावला. आज दुपारी तुमच्या शिबिराच्या दुसऱ्या तुकडीची गाडी नाक्यावरून निघणार आहे, तिच्यातल्या ताईंकडे हे पत्र आणि पिशवी देतो. अक्षराला हसू नकोस. आयुष्य फळ्यावर लिहिण्यात गेलं, कागदावरही तसंच मोठं येतं.

आधी परवाचं. "दोन महिने लोकांची पोरं खेळवायची, हे काय काम झालं? बाकीचे दहा महिने काय करणार?" हे मी नाक्यावर, चारचौघांत बोललो. घरी बोलायला हवं होतं, किंवा नकोच होतं. तू काही उत्तर दिलं नाहीस, यादी घेऊन गाडीत चढलीस. घरी आल्यावर तुझ्या आईनं जेवायला वाढलं, पण ताटात लोणचं नव्हतं. तिचं ते तुला माहीत आहे. दुपारी आडवा पडलो तर आठवलं, मी कुठं वाढलो? रयतच्या वसतिगृहात. 'कमवा आणि शिका' म्हणत बागेला पाणी घातलं, भांडी घासली. १९१९ साली काले गावी कर्मवीरांनी संस्था काढली, हे दर वर्षी पोरांकडून पाठ करून घेणारा मास्तर मी. आणि माझी पोरगी उन्हाळ्यात चार पैसे स्वतःचे मिळवायला निघाली तर तिला असं बोललो. चुकलंच. शिक्षक होण्याच्या परीक्षेचा, टीईटीचा, विषय या पत्रात काढणार नाही असं आईला कबूल केलंय. पुस्तकं तुझ्या टेबलावर आहेत, धूळ बसू देत नाही, एवढंच.

तुझ्या गटात ३२ मुलं म्हणालीस. पाचवी ते सातवीची. हे वय मोठं फसवं. लहान मूल हात धरतं, मोठं मूल निदान विचारतं. हे मधलं न विचारता जातं.

पाण्याचं सांगतो आणि तो विषय सोडतो. कोयनेचं पाणी मे महिन्यात खूप खाली गेलेलं असतं. धरण १०५ टीएमसीचं, त्यातलं वीज करायला पश्चिमेकडे जातं, थोडं खाली नदीला सोडतात, त्यामुळे आता काठावर नुसता गाळाचा पट्टा असेल. वरून वाळून भेगा पडलेला दिसतो, पण पाण्याजवळ पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत जातो. आणि हा काही गावतळ्याचा काठ नव्हे. ती मुळात दरी आहे, खाली बुडालेल्या शेतांचे बांध आहेत. चार पावलं कमरेएवढं पाणी आणि पाचव्या पावलाला जमीनच नाही. लाँचमध्ये बसायच्या आधीच जॅकेट घाला, बसल्यावर नाही. चढताना मोज, उतरताना मोज. झालं, सोडला विषय.

तुला वाईचं कधी सांगितलं नव्हतं. आईला माहीत आहे, दुसऱ्या कुणाला नाही.

१९९४ ची सहल. सातवीचा वर्ग, ४३ मुलं, मी आणि एक बाई. एसटी ठरवून महाबळेश्वर, प्रतापगड. वाटेत वाईला ढोल्या गणपतीपाशी थांबलो, घाटावर डबे खाल्ले. मी नेहमीप्रमाणे सुरू झालो, रास्त्यांनी १७६२ मध्ये देऊळ बांधलं, मूर्ती एका दगडातली, वहीत लिहून घ्या. पोरं पायऱ्यांवर बसून लिहितायत, मला फार बरं वाटत होतं. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. सगळी धावत चढली. मी दारात उभा राहून विचारलं, "सगळे आले का रे?" ४२ पोरं एका सुरात, "होऽऽ!"

पसरणीचा घाट अर्धा चढून गेल्यावर मागून कुणीतरी म्हणालं, "सर, बारक्या दिसत नाही."

तिथं गाडी वळत नाही. मी उतरलो, वरून येणाऱ्या भाजीच्या टेंपोला हात केला आणि फळीवर बसून खाली आलो. त्या वळणांवर माझ्या डोळ्यांसमोर फक्त नदी होती. बारक्या घाटाच्या शेवटच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसलेला. एका आजीनं त्याला शेंगा दिल्या होत्या, त्या खात होता. रडतही नव्हता. मला बघून म्हणाला, "सर, माझी वही भिजली." मी त्याच्या थोबाडीत मारली. आणि मग तिथंच पायरीवर बसलो, मला उठताच येईना. त्या आजीनं मला पाणी दिलं.

आता बारक्याचं कोरेगावला हार्डवेअरचं दुकान आहे. दिसला की रस्त्यात वाकून पाया पडतो. त्याला ती थोबाडीत आठवते का, हे विचारायचं मला एवढ्या वर्षांत झालं नाही.

म्हणून सांगतो, "सगळे आले का?" असं कधीही विचारू नकोस. पोरं 'हो'च म्हणतात. जो आलेला नाही तो 'नाही' म्हणायला तिथं नसतो. डोक्याला हात लावून मोज. जोड्या लाव, जोडीदार दिसत नसेल तर ओरडायचं काम त्याचं. पटाचे नंबर दे आणि एक ते ३२ म्हणायला लाव, जिथं अडेल तिथं थांब. ३१ आले तर आधी स्वतःलाच शंका घे, पण गाडी हलवू नकोस. कुणी "ताई, उशीर होतोय" म्हणालं तरी. तो तुमचा शिबिरप्रमुख म्हणाला तरी.

बघ, लेक्चर झालं. तुला प्रशिक्षणात हे सगळं सांगितलं असेल, माझ्यापेक्षा नीट. माफ कर.

खरं सांगायचं होतं ते वेगळंच. परवा गाडी सुटायच्या आधी मी नाक्यावरच्या टपरीमागं उभा होतो. तुला वाटलं मी निघून गेलो. निळ्या टोपीचा तो बारीक मुलगा आईला सोडून चढेना, हमसून रडत होता. तू समजावलं नाहीस, 'शहाणा ना तू' वगैरेही नाही. तू त्याच्यासमोर खाली बसलीस, तुझ्या बुटाची नाडी मुद्दाम सोडलीस आणि त्याला म्हणालीस, "मला बांधून दे ना, मला कमरेतून वाकता येत नाही." तो बांधायला लागला. गाठ दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बसली तेव्हा त्याचं रडणं कुठं गेलं त्यालाही कळलं नाही. पस्तीस वर्षं मास्तरकी केली पोरी, मला हे एकदाही सुचलं नाही. मी 'गप' म्हणायचो. घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तिला सांगा ना मग, मला काय सांगताय." म्हणून लिहितोय.

घरची आठवण दुसऱ्या रात्री येते, पहिल्या रात्री नवलाई असते. त्यावर उपाय तुझ्याकडेच आहे दिसतंय, काहीतरी काम द्यायचं. अंथरूण ओलं करणारं एखादं निघेलच, त्याची चादर सकाळी कुणी उठायच्या आत तूच उचल, बाकीच्यांना कळता कामा नये. (तात्यांच्या घरी मुक्कामाला गेल्यावर तुझी कुणी उचलायचं, आठवतंय का?) करवंदं पिकली असतील, पण जाळीत हात घालायच्या आधी काठी आपटायला सांग. फुरसं केवढंसं असतं, पण साप वाईट. सकाळी बूट झाडून घाला.

आकाशदर्शन ठेवलंय म्हणालीस. सप्तर्षी रात्री उत्तरेकडे उंच असतील, शेपटीची कमान तशीच पुढं नेली की स्वाती, आणखी पुढं चित्रा. पोरांना उताणं झोपवून दाखव, मान दुखत नाही. आणि अंधार आहे, तेव्हा झोपवताना आणि उठवताना दोन्ही वेळा मोज. एखादं तिथंच गाढ झोपतं.

पुन्हा लिहिलं ना मी. आई मागं उभी राहून वाचतेय आणि हसतेय. म्हणते, पोरगी ३२ जण सांभाळतेय, तुम्ही एकीला सांभाळता येईना म्हणून रडताय. मी काही रडत नाही. वरच्या मजल्यावर फार शांत वाटतं एवढंच. काकूंचा गुडघा तसाच आहे. वरचा नळ मी दुरुस्त केला, आता खालचा गळतोय.

पिशवीत माझी पितळी शिट्टी आहे. तुमच्या प्लॅस्टिकच्या शिट्ट्या वाऱ्यात ऐकू येत नाहीत, हिचा आवाज तलावापलीकडं जातो. आतला मणी जरा अडकतो, आधी झटकून घे. एक टॉवेल आहे, तू विसरलीस तो. आणि मोती चौकातले कंदी पेढे, ४० आहेत. ३२ मुलं, तुम्ही पाच ताई-दादा, स्वयंपाकाच्या मावशी दोन, लाँचवाले एक. जेवणानंतर वाट, आणि वाटायच्या आधी पोरं नीट...

नाही, लिहीत नाही.

तुझा,
आप्पा

ता. क. माळ्यावरच्या पेटीची किल्ली तुझ्या बॅगेत गेलीय का बघ. आई कालपासून शोधतेय आणि माझ्यावर आळ घेतेय.