इनले कार्डावरची नावं

मनमाड
३ सप्टेंबर २०२५

प्रिय विलास,
सप्रेम नमस्कार.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. एवढं उत्तर मोबाइलवर टाइप करणं मला जमायचं नाही, म्हणून सरळ कागद घेतला. तुझ्या तन्मयचं गाणं कुणीतरी उचललं, त्यावर डीजेचा ठोका चढवला, स्वतःच्या चॅनेलवर टाकलं आणि आता ते वरातींत वाजतंय. तुझा संताप झालाय आणि चिरंजीव मात्र खूश: ‘बाबा, गाणं पोचलं ना!’ खरं सांगू, मला तुम्हा दोघांचंही पटतं. स्टेशन रोडवर कॅसेटचं दुकान चालवताना हेच भांडण मी रोज ऐकायचो.

मुळात आपल्याकडे कॅसेट घरोघरी गेली त्यात डुप्लिकेटचा हात फार मोठा. त्याआधी गाणं म्हणजे रेकॉर्ड, रेकॉर्ड म्हणजे बहुतेक एचएमव्ही कंपनीची, आणि प्लेअर गावात दोन-चार घरांत. मग आखातात कामाला गेलेली माणसं टेपरेकॉर्डर घेऊन येऊ लागली. मशीन घरात आलं, पण लोकांना हवी ती गाणी कंपन्या कॅसेटवर पुरेशी काढत नव्हत्या. मग गल्लोगल्ली ‘कॅसेट भरून मिळेल’च्या पाट्या लागल्या. पुढं टी-सिरीज कंपनीच्या गुलशन कुमारांनी कॅसेट स्वस्त केली, पानटपरीपर्यंत नेली, आणि जुनी गाणी नव्या गळ्यांतून गाऊन घ्यायचा धडाका लावला. कॉपीराइट कायद्यात अशा ‘व्हर्जन’साठी वाट होती, मूळ मालकाला कळवायचं, ठरलेली रॉयल्टी भरायची. सोनू निगम तर रफींची गाणी गाऊनच घराघरात पोचला. चोरी कुठं संपते आणि धंदा कुठं सुरू होतो, हे तेव्हाही सरळ दिसत नव्हतं.

दुकानदाराचं गणित मात्र सरळ होतं. ओरिजिनलवर मार्जिन चिमूटभर, आणि न खपलेला माल आपल्याच माथी. डुप्लिकेट निम्म्या भावात यायची आणि सुटायची दुप्पट वेगानं. आमचा एक होलसेलर ओरिजिनलच्या खोक्यातच डुप्लिकेट मिसळून पाठवायचा. बिल पूर्ण ओरिजिनलचं! कव्हरच्या रंगावरून, स्क्रूऐवजी चिकटवलेल्या डबीवरून ओळखू यायचं. नाहीच आलं तर महिन्याभरात गिऱ्हाईक टेपचा गुंता हातात घेऊन दारात उभं. बोलणी आम्ही खायची.

पण गिऱ्हाइकाला दोष द्यावा असं मला कधी वाटलं नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला किंवा दसऱ्याला दीक्षाभूमीला तू गेला आहेस. पुस्तकांशेजारी भीमगीतांचे स्टॉल, आधी कॅसेटचे, मग सीडीचे. एका एमपी३ सीडीत शंभरावर गाणी. कंपनीची किती आणि कुणी घरी भरलेली किती, देव जाणे. रोजंदारीवर जगणारा माणूस ती सीडी घेऊन जायचा आणि वस्तीत वर्षभर प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप वाजायचे. रेडिओनं जे क्वचित ऐकवलं ते त्या फुटपाथनं पोचवलं. गाणाऱ्याचंही त्यात अगदीच नुकसान होतं असं नाही. आवाज गावोगाव गेला की जत्रेची सुपारी यायची, पुढच्या वर्षी बिदागी वाढायची. कॅसेटवर बुडालेलं तो स्टेजवर थोडंफार वसूल करायचा.

स्टेजवर न जाणाऱ्यांनी काय करायचं? गीतकार, संगीतकार, स्टुडिओत शिफ्टवर वाजवणारा ढोलकीवाला. यांच्या हाती बहुतेक वेळा एकरकमी मानधन, त्यावर सही, विषय संपला. डुप्लिकेटवाल्यानं यांचे पैसे खाल्ले म्हणावं, तर ओरिजिनल विकणाऱ्यांनी तरी कुठं देऊ केले होते? म्हणून पायरसीविरुद्ध कंपन्या गळे काढायच्या तेव्हा मला अर्धंच रडू यायचं.

डुप्लिकेटनं यांचं एकच घेतलं, पण मुळावरचं घेतलं. नाव. ओरिजिनलच्या इनले कार्डावर, म्हणजे डबीतल्या छापील कागदावर, बारीक अक्षरांत का होईना, गीत-संगीत कुणाचं ते असायचं. डुप्लिकेटवर पुढचा फोटो आणि गाण्यांची यादी, आत कोरा कागद. १९८४ साली पायरसी रोखायला कायद्यात ५२अ कलम आलं. प्रत्येक कॅसेटवर ती बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्क कुणाचे आणि प्रकाशनाचं वर्ष छापायचं. कवीचं नाव छापा असं त्यात नाही! सरकारला चिंता मालकाची. पुढं मोबाइलची दुकानं मेमरी कार्ड भरून देऊ लागली. ४ जीबीत सात-आठशे गाणी, ‘ट्रॅक ०७’ अशा नावानं, नाहीतर ज्या साइटवरून उतरवलं तिचंच नाव गायकाच्या जागी. आत्ता खालच्या मांडवात ‘तूच सुखकर्ता’ चालू आहे. पोरांना विचारलं तर प्रल्हाद शिंदे सांगतील. ते गीत हरेंद्र जाधवांचं आणि चाल मधुकर पाठकांची, हे दहातला एकही सांगणार नाही.

आपले जुने लोक यात हुशार होते. वामनदादा कर्डक शेवटच्या कडव्यात ‘वामन’ गुंफून ठेवायचे. संतांपासूनची रीत ती. कॅसेट कुणीही छापो, कव्हर कुठलंही लावो, गाणं संपता संपता कवी स्वतःच येऊन उभा राहायचा. डीजेवाल्यांनी तीही जागा घालवली. मुखडा तेवढा घ्यायचा, तोच फिरवत ठेवायचा. शेवटचं कडवं लागतंय कुणाला? रीलमध्ये तर पंधरा सेकंदांत सगळा कारभार.

दुकानांबद्दल तू विचारलंस. माझं कधीच बंद झालं, मुंबईत काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊस या कॅसेट-सीडीच्या नावाजलेल्या दुकानानंसुद्धा २०१६ च्या फेब्रुवारीअखेर शटर ओढलं. त्यावर फार लिहीत नाही.

आता तन्मयचं. त्या यूट्यूब चॅनेलवर स्ट्राइक, म्हणजे कॉपीराइटची तक्रार, मारायची घाई करू नका. तीन झाले की चॅनेलच जातं, पण त्यात पोराच्या हाती काय येणार? गाणी ऑनलाइन चढवून देणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरमार्फत कंटेंट आयडी, म्हणजे आपलं गाणं कुठं वाजलं ते यूट्यूबला ओळखू देणारी खूण, लावून घेता येतो. मग गाणं वाजू द्यायचं आणि त्याची कमाई आपल्याकडे वळवायची. रिमिक्सवर नाव घालायला त्या डीजेला सांगा. बरेच जण भल्या बोलानं घालतात. गीत आणि चाल तन्मयची स्वतःची आहे ना? मग आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व घ्यायला लाव. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा पक्का केलाय, तो कंपनीला लिहून घेता येत नाही. जावेद अख्तर राज्यसभेत त्यासाठी भांडले होते. आधीच्या पिढीला हे मिळालं असतं तर, असं मला सारखं वाटतं.

आणि त्या कंपनीचं म्हणतोस, ‘गाणं आम्हाला द्या, प्रमोशन आम्ही करू’, तर मुदत किती आणि कुठल्या भागासाठी, हे आधी वाचायचं. कागदावर मुदत लिहिलीच नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच त्यांच्या कागदात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे शब्द हमखास असतात. ते खोडायला सांगायचं. नाही म्हणाले तर निदान पाच वर्षांवर आणायचं, आणि गीत-संगीत म्हणून नाव दिसलंच पाहिजे ही ओळ घालून घ्यायची. सही करण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढून मला पाठव, मी इथल्या वकिलांना दाखवतो.

सुनंदावहिनींना नमस्कार. दिवाळीला येताय ना?

तुझा,
बाळू