राजाच्या झग्याखाली

बार्सेलोना, 25 सप्टेंबर

ती. बाबा आणि सौ. आई यांना साष्टांग नमस्कार. आप्पांनाही माझा नमस्कार सांगा.

मी मजेत आहे. उकाडा आता उतरलाय आणि जेवणाचंही बरं चाललंय, तेव्हा आईने काळजी करू नये. बाकीचं नंतर लिहीन. काल जे पाहिलं ते आधी सांगते.

काल इथे 'ला मेर्से'ची सुट्टी होती. मेर्से म्हणजे करुणेची माता, या शहराची पाठराखीण. 1687 साली इथे टोळधाड आली तेव्हा लोकांनी तिला साकडं घातलं. पुढे 1868 मध्ये पोपनी तिच्या या मानावर शिक्कामोर्तब केलं. दुकानं बंद होती, म्हणून मी जुन्या शहरात पाय नेतील तिकडे फिरत होते. फेरान नावाच्या रस्त्यावर वळले आणि जागच्या जागी थांबले. पुढून सनई वाजत येत होती! अगदी तसाच तोंडात दुहेरी पत्ती धरून फुंकलेला सूर, फक्त जास्त टोकदार, कानात घुसणारा. या वाद्याला इथे 'ग्राल्या' म्हणतात. दहा-बारा जण एकाच वेळी वाजवत होते आणि मागे ताशे कडकडत होते.

त्यांच्या मागून एक राजा आला. पहिल्या मजल्याच्या गॅलरीला डोकं लागेल एवढा उंच, मुकुट घातलेला, अंगावर जमिनीपर्यंत लोळणारा झगा. शेजारी राणी. हा तेराव्या शतकातला जाउमे राजा आणि त्याची हंगेरीहून आलेली राणी व्हियोलान. अशा पुतळ्यांना 'जेगान्त' म्हणतात आणि त्यांच्या मिरवणुकीला 'सेर्काविला'. एकामागून एक जोड्या येत राहिल्या. सांता मारिया देल पी या देवळाचे मुस्ताफा आणि एलिसेंदा तर 1601 पासूनचे, म्हणजे त्यांची परंपरा शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधीची. मधूनमधून भल्यामोठ्या डोक्याचे 'कापग्रोसो' पोरांच्या अंगावर धावून जायचे आणि पोरं किंचाळत आयांच्या मागे लपायची.

पण खरं सांगायचंय ते पुढचं. चौकात मिरवणूक थांबली, राजाला हळूच जमिनीवर टेकवलं आणि झग्याची कड उचलून आतून एक मुलगी बाहेर आली. माझ्याच वयाची असेल. केस घामाने कपाळाला चिकटलेले, कमरेला काळं कापड घट्ट गुंडाळलेलं. तोवर मी धरून चालले होते की खाली चाकं असणार. चाकं कुठली! तिने हाताने खुणावलं आणि मी वाकून आत पाहिलं. लाकडाचा चार पायांचा सांगाडा, वर एक आडवी दांडी, दांडीला चामड्याची उशी. ती खांद्यावर घ्यायची आणि पाय ताठ करून अख्खा राजा उचलायचा. समोरच्या कापडात तळहाताएवढी फट असते, तिच्यातून रस्ता बघायचा. काही पुतळे पन्नास-साठ किलोंचे असतात. तिने पाणी प्यायलं, मान चोळली. तेवढ्यात दुसरा गडी आत शिरला आणि राजा पुन्हा उभा राहिला.

मग तो नाचला. ग्राल्याची लय वाढली तशी त्याने गिरकी घेतली, झगा फुलला आणि आत काहीच नसलेले त्याचे हात हवेत उडाले. राणी त्याच्याभोवती फिरली. ती मुलगी माझ्या शेजारी उभी राहून आतल्या माणसाची पावलं मोजत होती, ओठ हलत होते तिचे. टाळ्या राजाला मिळाल्या, आणि तीही राजाकडे बघूनच टाळ्या वाजवत होती. मला त्या मंडळींबद्दल फार आदर वाटला. पगार नाही, चेहरा दिसत नाही, तरी वर्षभर तालीम करतात.

बार्सेलोनातल्या जेगान्तची सगळ्यात जुनी नोंद 1424 सालची आहे, तेव्हा धर्माच्या मिरवणुकीत बायबलमधला गोलियाथ राक्षस काढायचे. 1780 मध्ये स्पेनच्या राजाने अशा मिरवणुकांतून त्यांना हद्दपार केलं, तरी ते टिकले. 1975 मध्ये हुकूमशहा फ्रँको गेल्यावर पेठापेठांतून नवी पथकं उभी राहिली. बाबा, तुम्ही इथे असता तर हे सगळं तुम्हीच मला जास्त नीट समजावलं असतं.

सकाळी थोडी भुरभुर झाली. लगबगीने पुतळ्यांवर प्लास्टिक चढवलं गेलं, कागदाच्या लगद्याचं डोकं भिजलं तर संपलंच. शेजारच्या आजी म्हणाल्या, ही एउलालिया रडतेय. तीही इथली जुनी पाठराखीण, तेराव्या वर्षी हुतात्मा झालेली. मेर्सेला मोठा मान मिळाला म्हणून मेर्सेच्या सणाला एउलालिया हमखास अश्रू ढाळते, असं लोक मानतात. आई, तुला ही गोष्ट नक्की आवडेल. काळजी घेणारी माणसं असूनही तिचं मन दुखलं, आणि शहराने ते दुखणं अजून लक्षात ठेवलंय.

दुपारी मानवी मनोरेही पाहिले, पण पिंट्याला त्याचं सविस्तर पत्र वेगळं लिहीन, नाहीतर तो रुसेल.

ग्राल्याचं रेकॉर्डिंग बाबांच्या फोनवर पाठवलंय. आप्पांना आवाज मोठा करून ऐकवा. देवळात इतकी वर्षं सनई वाजवलीये त्यांनी, सूर कुठे चढतो ते त्यांना लगेच कळेल. काय म्हणतात ते मला लवकर कळवा, त्या पथकातल्या मुलीलाही मी सांगणार आहे.

तुमची,
मुग्धा