नाताळ सोडून इतर रविवारीही चर्चमध्ये या

मा. संपादक साहेब,
सप्रेम सलाम.

दरवर्षी नाताळ जवळ आला की आपल्या पेपरात तालुक्याच्या गावांतल्या चर्चचे फोटो येतात, लायटिंग, चांदणी, गव्हाणीचा देखावा वगैरे, आणि त्या दोन दिवसांत आमच्या आवारात पाय ठेवायला जागा नसते. शाळेची पोरं येतात, मागच्या गल्लीतल्या बाया लेकरं घेऊन येतात, सेल्फी काढतात, बाकावर दोन मिनिटं टेकतात आणि जातात. आम्हाला याचा खूप आनंद होतो. पण मला लिहायचंय ते त्यानंतरच्या रविवारांबद्दल, फेब्रुवारीतल्या, जूनमधल्या, भर पावसातल्या, जेव्हा आत मोजकी माणसं असतात आणि गेटपाशी एखादा अनोळखी माणूस आत जाऊ की नको करत उभा असतो. बरेचदा तो तसाच निघून जातो आणि आतल्या कुणाला पत्ताही लागत नाही.

मी एका लहान गावातल्या मेथडिस्ट (प्रॉटेस्टंट ख्रिस्त्यांचा एक पंथ) चर्चचा सभासद आहे, आजोबांपासून आम्ही याच मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समुदायात. मला गावातल्या लोकांनाही सांगायचंय आणि आमच्या मंडळीलाही, म्हणून पत्र जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी गावातल्या लोकांसाठी. पुष्कळांना वाटतं की चर्चमध्ये जायला कुणाची तरी परवानगी लागते, किंवा गेलं की काहीतरी लिहून घेतात. असं काही नसतं हो. रविवारच्या भक्तीला, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेला, कुणीही येऊन बसावं. चपलांचं म्हणाल तर काही गावांत दारात काढतात, काही ठिकाणी घालूनच आत जातात, तेव्हा दारापाशी बघायचं आणि तसं करायचं. बायका डोक्यावर पदर नाहीतर ओढणी घेतात, पण पाहुण्या बाईने नाही घेतली तर कुणी उठवत नाही. दानाची थैली फिरते तेव्हा ती नुसती पुढे सरकवली तरी चालतं, पाहुण्याने काही टाकलंच पाहिजे असं नाही. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी, बहुतेक ठिकाणी महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं, तेव्हा लोक उठून पुढे जातात, आपण जागेवर शांत बसून राहायचं, कुणी वळूनही बघत नाही. सगळं मिळून साधारण दीड तास, पाळक साहेब (चर्चचे धर्मगुरू) रंगात आले तर थोडा जास्त.

आणि भक्ती इंग्रजीत चालते हा एक मोठाच गैरसमज आहे. आमच्याकडे पेटी-तबला असतो आणि सगळं मराठीत. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, ते मेथडिस्ट नव्हते, अमेरिकन मराठी मिशनचे, पण त्यांची गीतं आज मराठीतल्या जवळजवळ सगळ्याच प्रॉटेस्टंट मंडळ्या गातात, कारण ती ओवी-अभंगाच्या वळणाची आहेत आणि कीर्तनाचा कान असलेल्या माणसाने लिहिलेली आहेत. आमच्या शेजारचे एक माळकरी काका एकदा नातवाच्या मित्राबरोबर आले होते, पहिलं कडवं नुसतं ऐकलं आणि दुसऱ्या कडव्याला त्यांनी अशी टाळी धरली की तबलजी त्यांच्याकडे बघून हसला. त्यांना कुणी काही समजावून सांगायची गरजच पडली नाही.

अजून एक गोष्ट स्पष्ट लिहितो कारण सगळ्यांच्या मनात असते. या म्हटलं की हल्ली लोकांना शंका येते, आणि आमचे लोकही त्या शंकेला घाबरून कुणाला या म्हणायचं टाळतात. म्हणजे तुम्ही बाहेर घाबरलेले, आम्ही आत घाबरलेलो, आणि मधे उघडं गेट. मी एवढंच म्हणतो की शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या देवळात येऊन बसावं, गाणं ऐकावं, चहा घ्यावा, घरी जावं, जसे आम्ही तुमच्या हरिनाम सप्ताहाला आणि उरुसाला येतो तसं. यात कुणाचा धर्म बदलायचा विषय नाही.

आता मंडळीसाठी. जॉन वेस्ली ज्यांच्यामुळे आपल्याला मेथडिस्ट म्हणतात, त्यांनी काय केलं ते आपण विसरतोय. ते स्वतः चर्च ऑफ इंग्लंडचे दीक्षित पाळक, शिस्तीचे, चर्चच्या बाहेर उपदेश करणं त्यांना सुरुवातीला अजिबात पटत नव्हतं. पण १७३९ सालच्या एप्रिलमध्ये ब्रिस्टलला त्यांनी उघड्यावर उपदेश करायला सुरुवात केली, तिथून जवळच किंग्जवूडच्या कोळसा खाणी, त्या मजुरांकडे ते गेले, जे कधी चर्चची पायरी चढत नव्हते आणि ज्यांना चर्चमधले लोक आपल्या शेजारी बसवूनही घेत नव्हते. आपण ३१ डिसेंबरच्या रात्री जी वॉच नाईट, म्हणजे जागून केलेली प्रार्थना, करतो ना, ती मेथडिस्टांमध्ये याच किंग्जवूडच्या खाणकामगारांपासून सुरू झाली, आधी दारूच्या गुत्त्यात रात्र काढणारी माणसं प्रार्थनेला जागायला लागली. म्हणजे आपली सुरुवातच बाहेर उभ्या असलेल्या माणसापासून झालेली आहे आणि आपण आत बसून पहिला बाक कुणाचा यावर रुसतो.

आपल्याकडेही तसंच झालंय. विल्यम टेलर हे अमेरिकन उपदेशक १८७१ साली मुंबईत आले, आणि त्यांच्या सभांमधून जे लोक जमले ते आधी एकमेकांच्या घरात, दिवाणखान्यात बसूनच प्रार्थना करायचे, इमारती नंतर आल्या. मग हे काम पुण्याकडे आणि पुढे तळेगाव दाभाडे, पुणतांबे, वाशिम अशा गावांत मराठी लोकांमध्ये पसरलं. दर आठवड्याला दहा-बारा जणांनी कुणाच्या तरी घरी जमायचं, एकमेकांची खुशाली विचारायची, अडचण सांगायची, ही क्लास मीटिंगची पद्धत वेस्लींच्या काळातली. नवीन माणसाला घरात घेणं हा आपल्या चर्चचा पायाच आहे, पण तो आता फक्त नाताळच्या भाषणात ऐकू येतो.

मध्येच एक सांगतो, गावात लोक विचारतात की स्टेशनजवळचं चर्च आणि तुमचं चर्च यांत फरक काय. ते स्टेशनजवळचं चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया १९७० साली नागपूरला अनेक मंडळ्या एकत्र येऊन झालं, आपले मेथडिस्ट त्यात गेले नाहीत, आणि १९८१ पासून मेथडिस्ट चर्च इन इंडिया म्हणून स्वतंत्र आहेत. पाहुण्याला याचा काही फरक पडत नाही, गीतं तीच, शास्त्र तेच, पण कुणी विचारलं तर दोन वाक्यांत उत्तर द्यावं, त्याच्यासमोर अर्धा तास जुन्या भांडणांचा इतिहास उगाळू नये.

आणि एक गोष्ट खास आपल्या पद्धतीतली आहे जी बाहेरच्यांना माहीत नसते. आपले पाळक बदलीवर असतात. बिशप साहेब (पाळकांचे वरिष्ठ) कॉन्फरन्समध्ये, म्हणजे चर्चच्या वार्षिक सभेत, नेमणुका वाचतात, की चार-पाच वर्षांनी नाहीतर त्याआधीही पाळक साहेब सामान बांधून दुसऱ्या गावाला. म्हणजे पाळक स्वतःच गावात नवीन असतात, पाळकीणबाईंना भाजी कुठे चांगली मिळते तेही आपल्याला विचारावं लागतं. मग गेटवर उभा असलेला माणूस नवीन आहे की तीस वर्षं जुना हे त्यांना कळणार कसं? ते आपल्यालाच कळतं. तरी आपण सगळं पाळकांवर सोडतो, ते दारात हात मिळवतील, ते नाव विचारतील, ते घरी भेटायला जातील. आणि एखादे पाळक स्वभावाने अबोल असले की मग तीन-चार वर्षं त्या चर्चमध्ये कुणाचं स्वागतच होत नाही. पाळक येतात आणि जातात, मंडळी तिथेच राहते, म्हणून आलेल्याला बसवणं हे मंडळीचं काम आहे. चर्चची व्यवस्था बघणारे स्टुअर्ड आहेत, महिला मंडळ आहे, एमवायएफची, म्हणजे मेथडिस्ट तरुण संघाची, पोरं आहेत, दर रविवारी यातल्या दोघांनी दाराशी थांबायला काय हरकत आहे?

पण थांबणं म्हणजे चौकशी करणं नव्हे, आणि इथे आपलं चुकतं. पाहुणा टेकला न टेकला तोच पहिला प्रश्न कुठले तुम्ही, दुसरा आडनाव काय, तिसरा म्हणजे पूर्वीचे कोण. हा तिसरा प्रश्न कशासाठी असतो ते विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि ज्याला विचारला त्यालाही. जात मागे सोडून आलेल्या आजी-आजोबांच्या चर्चमध्ये नातवंडांनी पाहुण्याला जात विचारावी याचं मला फार वाईट वाटतं आणि राग पण येतो. एका चर्चमध्ये, नाव नाही लिहीत, माझ्या ओळखीच्या एका बँकेतल्या मुलाला बदली होऊन आल्यावर पहिल्याच रविवारी हे विचारलं, तो परत गेला नाही. घरी मोबाईलवर भक्ती ऐकतो म्हणाला, तिथे कोणी काही विचारत नाही.

दुसरं म्हणजे पाहुण्याला पुढे बोलावून उभं करणं. हेतू चांगला असतो, टाळ्या वाजतात, पण लाजाळू माणसाला घाम फुटतो, विशेषतः एकट्या आलेल्या मुलीला. आधी हळूच विचारावं, नाव घेतलेलं चालेल का, नको म्हणाली तर नको. आणि फोटो काढून लगेच मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा हे तर बंदच करायला पाहिजे, कुणी घरी न सांगता आलेलं असतं, कुणाची नोकरी अशी असते, आपल्याला काय माहीत.

आमच्याकडे शेवटच्या बाकावर एक मावशी बसतात, त्या कुठल्या कमिटीवर नाहीत. मागच्या पावसाळ्यात एका हॉस्पिटलात काम करणारी झारखंडची मुलगी आली, भिजलेली, दाराजवळच उभी. मावशींनी काही न बोलता सरकून जागा केली, पिशवीतला नॅपकिन दिला, फळ्यावरचा गीत नंबर बघून पुस्तकाचं पान काढलं आणि ओळीखाली बोट ठेवलं. मुलीला मराठी बोलता येत नव्हतं पण हिंदीमुळे अक्षरं वाचता येत होती, मावशींचं बोट जिथे जाईल तिथे ती मागोमाग वाचत गेली, तिसऱ्या कडव्यापर्यंत आवाजही निघाला. भक्ती सुटल्यावर चहा घेताना मावशींनी एकच विचारलं, बाळा, रविवारी जेवायचं काय करतेस? ती मेसला सुट्टी असते म्हणाली. त्या दिवशी ती मावशींकडे जेवली, आणि आता ती आमच्या क्वायरमध्ये, म्हणजे गाणाऱ्यांच्या गटात, आहे.

अशा मुली आणि मुलं आता प्रत्येक तालुक्यात आहेत. एमआयडीसीत ओडिशा, छत्तीसगडची पोरं आहेत, हॉस्पिटलमध्ये केरळच्या सिस्टर आहेत, ब्युटी पार्लरमध्ये नागालँड-मिझोरामच्या मुली आहेत, आणि यातले कितीतरी जण आपापल्या गावी दर रविवारी चर्चला जाणारे. इथे येऊन त्यांना चर्च सापडत नाही, किंवा सापडतं पण भाषेमुळे आत यायचा धीर होत नाही. त्यांच्यासाठी एखादं गीत हिंदीत घेतलं, शास्त्रपाठ मराठीनंतर हिंदीत वाचला तर पाच मिनिटं जास्त लागतील. आमच्या काही जुन्या माणसांना हे आवडत नाही, मराठी चर्च आहे म्हणतात, बरोबरच आहे, मराठी चर्च आहे आणि मराठीच राहील, पण पाच मिनिटांनी ते कुठे जाणार नाही.

गावातल्या ज्यांना एकदम भक्तीला यायला अवघड वाटतं त्यांनी हार्वेस्टला, म्हणजे सुगीच्या सणाला, यावं. त्या दिवशी लोक शेतातलं, परसातलं घेऊन येतात, ज्वारीची कणसं, भोपळे, अंडी, कोथिंबिरीच्या जुड्या, एखादी कोंबडी पाय बांधून कोपऱ्यात, आणि भक्तीनंतर त्याचा लिलाव होतो. एक दुधी कुणी दोनशेला घेतो आणि परत दान करतो, मग तोच दुधी पुन्हा लिलावात, कधी कधी तीनदा. पोरांचा नुसता धिंगाणा चाललेला असतो. इथे कुणी बाहेरचा राहतच नाही कारण बोली कुणीही लावू शकतो, आमचे शेजारचे किराणावाले शेठ दरवर्षी येऊन अंडी घेऊन जातात.

संपादक साहेब, आपल्याला एक विनंती आहे. नाताळच्या पुरवणीत आपण गावोगावच्या कार्यक्रमांच्या वेळा छापता, त्यातच प्रत्येक चर्चच्या नेहमीच्या रविवारच्या भक्तीची वेळ आणि भाषा एका ओळीत छापावी. बदलीवर आलेल्या माणसाला याचा फार उपयोग होईल. आमच्याकडे भक्ती सकाळी साडेनऊला सुरू होते, चहा अकराच्या पुढे, आणि गेटाची कडी आतून लावलेली नसते, फक्त जरा जोरात ढकलावं लागतं.

आपला,
मेथडिस्ट मंडळीचा एक सभासद
(नाव व गाव छापू नये ही विनंती)