ब्लास्टिंगवाल्या काकांना जाहीर आभाराचं पत्र

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

माझ्या जुन्या येझदी मोटरसायकलचे बहुतेक सुटे भाग साफ होऊन रंगाला गेले. तुमचे आभार चारचौघांत मानायचे होते, म्हणून हे पत्र उघडपणे लिहितोय. घरच्या घरी जुन्या गाड्या नव्याने उभ्या करणाऱ्यांच्याही ते उपयोगी पडेल.

तुमचं पोट ब्लास्टिंगच्या, म्हणजे दाबाच्या हवेने बारीक कण मारून गंज आणि जुना रंग काढण्याच्या, जॉबवर्कवर. मी स्वतःचं कॅबिनेट (हे काम आत करायची बंद पेटी) घेणार म्हणजे तुमचं एक गिऱ्हाईक कमी होणार, हे तुम्हाला दिसत होतं. तरी कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं चालू काम बाजूला ठेवून तुम्ही मला शेजारी उभं केलंत आणि गन हातात दिलीत. एवढा मोठेपणा फार थोड्यांकडे असतो.

"कॅबिनेटचं नंतर बघू, कॉम्प्रेसर कुठला आहे ते सांग," हा तुमचा पहिला प्रश्न. त्या एका प्रश्नाने माझे पैसे वाचले. सक्शनच्या (कण हवेनेच ओढून घेणाऱ्या) साध्या कॅबिनेटलासुद्धा ८० पीएसआय दाबाला १२ ते १५ सीएफएम, म्हणजे मिनिटाला तेवढे घनफूट, हवा सलग लागते. दोन एचपीच्या कॉम्प्रेसरच्या प्लेटवर सात-आठ लिहिलेलं असतं, तेही पिस्टन किती हवा ओढतो त्या हिशोबाने. नोझलपर्यंत पोचते त्याहून कमी. टाकी मोठी घेऊन भागत नाही, टाकी हवा साठवते, तयार करत नाही. तुमच्या सांगण्यावरून मी पैसा पाच एचपीच्या टू-स्टेज (हवा दोन टप्प्यांत दाबणाऱ्या) कॉम्प्रेसरवर घातला आणि कॅबिनेट साधंच घेतलं. घरी थ्री-फेज वीज आहे का, हेही तुम्ही आधीच विचारलं होतंत. कॅबिनेट बघताना दाराचं रबर, आतला दिवा आणि धूळ ओढणारा ब्लोअर एवढं तपासायला सांगितलंत. रोज वापरताना कळतं, खरा फरक तिथेच पडतो. धूळ ओढली गेली नाही तर काचेतून आतलं काही दिसतच नाही.

नदीची वाळू चालेल का, असं माझ्यासोबत आलेल्या मित्राने विचारलं तेव्हा तुमचा आवाज चढला. बरं झालं चढला. वाळू फुटून तिची जी बारीक धूळ होते, ती फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टमध्येही नोंदलेल्या रोगांत तो होता. एवढ्या फाउंड्र्यांच्या, म्हणजे वाळूच्या साच्यांत ओतकाम करणाऱ्या कारखान्यांच्या, गावात हे कुणीतरी ओरडून सांगायलाच हवं. काम बंद कॅबिनेटमध्ये होत असलं तरी मास्क लावूनच ते उघडायचं, ही तुमची ताकीदही मी पाळतो.

मीडिया, म्हणजे गनमधून मारायचे कण, कुठे कुठला वापरायचा तेही तुम्हीच सांगितलंत. स्टँड, फूटरेस्ट, ब्रॅकेट अशा गंजलेल्या लोखंडाला ८० नंबरचं ब्राऊन अ‍ॅल्युमिनियम ऑक्साईड. हब (चाकाचा मधला भाग) आणि इंजिनच्या कव्हरांना ग्लास बीड, म्हणजे काचेचे बारीक मणी, तेही ५०-६० पीएसआयवर. आधी ग्रीस पूर्ण धुवायचं, नाहीतर सगळा मीडिया खराब होतो. गन सरळ रोखायची नाही, थोडी तिरपी धरायची आणि हात चालता ठेवायचा. मागच्या हबवरचा काळा थर निघून खालचं अ‍ॅल्युमिनियम रुपेरी, मऊ चकाकीचं दिसू लागलं, तेव्हा "आता थांब, आणखी मारू नकोस" हे तुमचे शब्द कानात होते. कार्ब्युरेटर मात्र तुम्ही कॅबिनेटमध्ये जाऊच दिला नाहीत. बारीक छिद्रात एक मणी अडकला तरी पुरतो. क्रँककेसमध्ये (इंजिनच्या खालच्या पेटीत) बेअरिंगच्या जागा रबरी बुचांनी बंद करायला तुम्हीच शिकवलंत.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात तुमची आठवण सगळ्यात जास्त आली. हवेतलं पाणी लाइनमध्ये उतरतं, बीडचे गोळे होतात, गन अडखळते. कॉम्प्रेसरपासून लांब पाइप नेऊन हवेतलं पाणी वेगळं करणारा सेपरेटर कॅबिनेटजवळ लावलाय, कॉम्प्रेसरच्या टाकीचं पाणी रोज काढतो. ब्लास्ट केलेल्या लोखंडाला उघडा हात लावत नाही. प्रायमर त्याच दिवशी मारतो, नाहीतर त्या हवेत लगेच तांबूस झाक येते.

मडगार्ड आणि पेट्रोलची टाकी अजून तशीच आहे. पातळ पत्रा जोराच्या माऱ्याने फुगतो, त्याला जाणता हात हवा, आणि चासी तर माझ्या कॅबिनेटमध्ये मावतच नाही. हे सगळं घेऊन दिवाळीनंतर तुमच्याकडे येतो. जॉबवर्कचे पैसे या वेळी पूर्ण घ्यायचे, हे आधीच सांगून ठेवतो.

आपला,
येझदीवाला