उरलेल्या वाईनने काचा पुसू नका, तिचे व्हिनेगर करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बाटलीच्या तळाशी उरलेल्या वाईनचे काय करावे, याच्या युक्त्या घरगुती सल्ल्यांच्या सदरांतून सारख्या छापून येतात. खिडकीच्या काचा पुसा, ओटा निर्जंतुक करा, फळे धुवा. यांतल्या बऱ्याच युक्त्या सांगणाऱ्याने स्वतः करून पाहिलेल्या नसाव्यात. वाईनमध्ये साधारण १२ ते १४ टक्के अल्कोहोल असते. ओटा निर्जंतुक करायला ते किमान ६० टक्के लागते. काचेवर वाईन फिरवली तर तिच्यातली साखर वाळून चिकट पापुद्रा राहतो आणि त्यावर धूळ बसते. लाल वाईनच्या डागावर पांढरी वाईन ओतण्याचा सल्लाही त्याच माळेतला. डाग जो काही निघतो तो तिच्यातल्या पाण्याने निघतो, मग नळाच्या थंड पाण्याने काय घोडे मारले आहे?

उरलेल्या वाईनचे खरे उपयोग दोनच: व्हिनेगर आणि स्वयंपाक. बाकीचे फुटकळ.

व्हिनेगर हा शब्दच फ्रेंचमधल्या ‘आंबट वाईन’वरून आला, पण म्हणून बाटली उघडी ठेवली की व्हिनेगर तयार, असे होत नाही. नुसती उघडी ठेवलेली वाईन बहुधा विटतेच. अल्कोहोलचे ॲसिटिक आम्ल करण्याचे काम जिवाणूंचे आहे, हे लुई पाश्चरने १८६४ मध्ये दाखवून दिले. तेव्हा दह्यासारखे इथेही विरजण लागते. ते विरजण म्हणजे न गाळलेले, न तापवलेले जिवंत व्हिनेगर. बाटलीच्या तळाशी गढूळ तंतू दिसले की ते चालेल असे समजावे.

३०० मिलि वाईनमध्ये १५० मिलि उकळून गार केलेले पाणी आणि १५० मिलि जिवंत व्हिनेगर घाला. पाणी घालायचे ते चव सौम्य करायला नाही. १२-१३ टक्के अल्कोहोल या जिवाणूंना जड जाते. पाणी आणि विरजण मिळून ते सहा टक्क्यांच्या आसपास येते. विरजणाच्या आंबटपणामुळे सुरुवातीचे काही दिवस बुरशीही दूर राहते. वाईनमध्ये टिकण्यासाठी घातलेले सल्फाइट असते, त्याचा जोर उतरावा म्हणून ती आधी या भांड्यातून त्या भांड्यात चार-सहा वेळा उंचावरून ओतून घ्यावी. रुंद तोंडाची लिटरभराची काचेची बरणी घ्या. धातूची नको, आम्ल धातू खाते. तोंडावर घट्ट विणीचे सुती फडके बांधा. जाळीदार कापड बांधाल तर चिलटे आत शिरून अंडी घालतील. झाकण लावले तर काम थांबलेच, कारण जिवाणूंना हवा हवी. २५ ते ३० अंश सेल्सिअसच्या उबेत, उजेडापासून दूर, बरणी ठेवून द्या आणि हलवू नका.

आठ-पंधरा दिवसांत पृष्ठभागावर करडा, तुकतुकीत पापुद्रा धरतो आणि पुढे तो सायीसारखा जाड होतो. बरणी हलली की तो बुडतो आणि जिवाणूंना नवा धरावा लागतो. उशीर होण्याचे हे नेहमीचे कारण. मधेच नेलपॉलिश काढण्याच्या द्रावणासारखा उग्र वास येतो, त्याला घाबरू नये, पुढे तो बहुतेक वेळा विरतो. हिरवी, काळी किंवा केसाळ बुरशी दिसली तर मात्र सगळे टाकून द्यावे, वरची काढून खालचे वाचवण्याच्या फंदात पडू नये. दीड ते तीन महिन्यांत दारूचा वास जाऊन स्वच्छ आंबटपणा उरला की गाळून बाटलीत काठोकाठ भरा आणि बूच लावा. तसेच उघडे ठेवले तर अल्कोहोल संपल्यावर ते जिवाणू आम्लावरच ताव मारतात आणि व्हिनेगर पुन्हा पाणचट होते. एक गोष्ट कटाक्षाने पाळावी: हे व्हिनेगर कोशिंबिरीत, सॉसमध्ये वापरा, पण पदार्थ टिकवायला नको. त्यासाठी किमान ५ टक्के आम्लता लागते आणि घरच्या बरणीत ती किती झाली, हे जिभेवर कळत नाही.

स्वयंपाकासाठी उरलेली वाईन त्याच रात्री बर्फाच्या ट्रेमध्ये ओतावी. उघडी बाटली फ्रिजमध्ये तीन ते पाच दिवसच बरी राहते. गोठलेले तुकडे पिशवीत भरून ठेवले की लागतील तसे दोन-दोन काढता येतात. बाटलीच फ्रीजरमध्ये ठेवली तर गोठताना वाईन फुगते आणि काच तडकते. सॉससाठी २०० मिलि वाईन मंद आचेवर ६०-७० मिलि होईपर्यंत आटवा. ॲल्युमिनियमचे किंवा बिडाचे भांडे नको, धातूची चव उतरते. मीठ आटल्यानंतरच घाला. आटताना वाईनचे दोषही दाट होतात. कडक लाल वाईनचा तुरटपणा तर दुप्पट-तिप्पट जाणवतो. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येणाऱ्या बाटलीचे काहीच करू नये, तो वास व्हिनेगरमध्येही तसाच राहतो. मांस मुरवायला वाईन चांगली, मासे मात्र अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवले तर वरचा थर पिठूळ होतो.

‘शिजवले की अल्कोहोल उडून जाते’ हे वाक्य मात्र छापू नये, ही विनंती. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्याप्रमाणे पदार्थात मिसळून १५ मिनिटे उकळल्यावर सुमारे ४० टक्के अल्कोहोल शिल्लक असते, तासाभराने २५ टक्के आणि अडीच तासांनीही ५ टक्के. पेटवून ज्वाळा काढल्या तर ७५ टक्के राहते. तमाशा मोठा, काम थोडे. घरात लहान मूल असेल, गरोदर बाई असेल किंवा मद्य वर्ज्य केलेले पाहुणे असतील, तर त्यांच्या ताटाला वाईन लावूच नये.

आता फुटकळ. चिलटांचा सापळा खरोखर चालतो: वाटीत दोन चमचे वाईन आणि भांडी घासण्याच्या द्रवसाबणाचा एक थेंब. थेंब महत्त्वाचा, त्याशिवाय चिलटे पृष्ठभागावर बसून पिऊन उडून जातात. लाल वाईनने लोकर रंगवता येते. १०० ग्रॅम लोकरीला १५ ग्रॅम तुरटीच्या पाण्यात आधी तासभर गरम करून मग वाईनमध्ये मंद आचेवर तासभर ठेवावे. पण रंग येतो तो राखाडी जांभळट, पेल्यातला नव्हे. साबणाने तो निळसर होतो आणि उन्हात फिका पडतो, त्यामुळे स्वेटरपेक्षा एखाद्या भिंतीवरच्या विणकामाला तो बरा.

आपला,
एक नियमित वाचक