डॉक्टरकाका, बाबांना ब्रॅडफील्डच्या जंगलात नेलंत त्याबद्दल

आदरणीय डॉक्टरकाका,

सा. न. वि. वि.

तुमचे आभार तोंडावर मानायला गेलं की तुम्ही "थांब, चहा टाकतो" म्हणून स्वयंपाकघरात पळता. म्हणून हे पत्र सगळ्यांदेखत लिहितेय. आईवडिलांना चार-सहा महिन्यांसाठी इंग्लंडात आणणारे आपले पुष्कळ लोक आहेत, त्यांच्याही हे कामी येईल.

बाबा पाडव्याच्या आधी आले, तेव्हा आमची घडी अशी: आम्ही दोघं कामावर, लेक शाळेत, आणि बाबा खिडकीशी. कराडजवळच्या गावात जन्मभर ऊस केलेला माणूस, दुपारी दोन वाजता खुर्चीत बसून राहायची सवय कुठली असायला? आम्ही आमच्या परीने लंडन दाखवलं, केंब्रिज दाखवलं. इथल्या अ‍ॅबी गार्डन्समधले ताटवे बघून "छान ठेवलंय" म्हणाले आणि घड्याळाकडे पाहिलं. सफोक परगण्यातल्या आमच्या बरी सेंट एडमंड्स गावात त्यांना मनापासून बघायची होती ती एकच गोष्ट, साखर कारखाना. बीटापासून साखर करणारा, 1925 पासून चालू असलेला कारखाना म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले होते. पण त्याचाही गळीत हंगाम हिवाळ्याबरोबर उरकलेला. बीटाच्या गाड्यांची रांग काही बघायला मिळाली नाही.

पाडव्याच्या जेवणाला तुम्ही त्यांच्या शेजारी बसलात. "प्रवास कसा झाला, थंडी सोसते का" हे सगळं बाजूला ठेवून तुमचा पहिला प्रश्न होता, "मग आता उसाला पाणी कोण देतंय?" त्यानंतर जेवण संपेपर्यंत तुम्ही दोघं उठला नाहीत. काकू दोनदा बोलवायला येऊन गेल्या.

एप्रिलच्या शेवटी एका शनिवारी तुम्ही गाडीच्या डिकीत रबरी बुटांचे तीन जोड घेऊन दारात हजर. सफोकची ही चिकणमाती बूट ओढून घेते, हे तुम्हीच सांगितलंत. बाबांना पँट मोज्यात खोचायला लावलीत, आणि कारण सांगितलंत, "गोचीड." एवढा एक शब्द बाबांना पुरला.

ब्रॅडफील्ड वुड्स गावापासून गाडीने जवळच, तरी इतकी वर्षं इथे राहून मी तिथे गेले नव्हते. ऐंशीएक हेक्टरांचं ते रान. कोयना-चांदोली बघितलेल्या माणसाला त्याचं काय अप्रूप? आत शिरल्यावर बाबा मला हळूच म्हणाले, "आपल्या गावाचं शिवार याच्यापेक्षा मोठं आहे." तुम्ही ते ऐकलंत, पण वाद घातला नाहीत. पायवाट सोडून आम्हाला थेट मागच्या हिवाळ्यात तोडलेल्या तुकड्यापाशी नेलंत.

मला खरं सांगायचं तर ते बघून धस्स झालं. संरक्षित जंगल म्हणायचं आणि आत एवढी उघडी जागा, जमिनीलगत छाटलेली खोडं, बाजूला फांद्या रचून घातलेलं कुंपण. बाबा मात्र खाली बसले. हेझलच्या एका झुडपाच्या बुडख्यावरून हात फिरवला. प्रत्येक काप बाहेरच्या बाजूला उतरता घेतलेला, म्हणजे पावसाचं पाणी वर न साचता ओघळून जावं. कडेने बोटाएवढे लालसर कोंब फुटायला लागले होते. बाबा मान वर करून म्हणाले, "ओ डॉक्टर, हा तर खोडवा!" खोडवा म्हणजे ऊस तोडल्यावर त्याच बुडख्यांतून पुन्हा येणारं पीक.

तुम्ही टाळी दिलीत. तुमचं अर्धं व्याख्यान तिथेच वाचलं असणार.

मग तुम्ही जे सांगितलंत ते बाबा अजून फोनवर गावाकडे सांगत असतात. इथे हेझल आणि अ‍ॅशची झाडं जमिनीलगत तोडतात, बुंध्यातून नवे धुमारे येतात, वीस-पंचवीस वर्षांनी ते पुन्हा तोडतात. जंगलाचे तुकडे पाडलेले असतात आणि दर हिवाळ्याला एखाददुसऱ्या तुकड्याची पाळी येते. मधले ओक तेवढे उंच वाढू देतात, कारण ते तुळयांचं लाकूड. अशी तोड या रानात 1252 पासून चालत आल्याचं सांगतात. तेव्हा हे रान बरी सेंट एडमंड्सच्या मठाचं होतं. 1539 मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात तो मठ बुडाला, मालक बदलले, तोड थांबली नाही. बाबांचा यावर हिशेब तयार होता. "आमचा खोडवा दोन-तीन वर्षांत मोडावा लागतो. यांचा पावणेआठशे वर्षं चाललाय." आणि पुढे तुम्ही तो अ‍ॅशचा बुंधा दाखवलात, पाच मीटरहून रुंद, मधून पोकळ झालेला, कड्यासारखा उरलेला. हजार वर्षांचा मानतात त्याला. तोडत राहिले म्हणून जगला, नाहीतर अ‍ॅशचं झाड एवढं आयुष्य काढत नाही. बाबा त्याच्याभोवती पूर्ण फेरी मारून आले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. ते गप्प बसले की आम्ही घरचे ओळखतो, पसंत पडलंय.

परतताना गाडीत देवराईचा विषय निघाला. आमच्याकडे देवाच्या रानातली वाळकी काटकीसुद्धा उचलत नाहीत. देवाचा धाक होता म्हणून ती रानं राहिली. इथे देवाचे लोक मालक होते, पण त्यांनी तोडलं, विकलं आणि ते रान कामाला येत होतं म्हणून राहिलं. जवळच्या वेल्नेटम गावात दाताळ्याचे दांडे करणारा कारखाना होता, तो या जंगलाचं लाकूड घ्यायचा. कौतुकाने राखलेली किती जंगलं इंग्लंडात शेताखाली गेली आणि ज्याचे दांडे व्हायचे ते टिकलं, याची मला गंमत वाटते. हेही थोडक्यात वाचलं. 1960 च्या दशकाच्या शेवटी इथला मोठा तुकडा उखडून नांगराखाली घातला गेला, आणि गावकऱ्यांनी आरडाओरडा केला म्हणून उरलेलं वाचलं. त्या उखडलेल्या जागेच्या कडेला तुम्ही आम्हाला उभं केलंत. इकडे पावलागणिक फुलं, तिकडे नुसता गहू. मधल्या जुन्या मातीच्या बांधावर बाबा उभे राहिले, खंदक बाहेरच्या अंगाला आणि बांध आतल्या अंगाला, गुरं आत शिरू नयेत म्हणून. "बांध कोरलेला नाही," एवढंच म्हणाले. बांध कोरण्यावरून आमच्याकडे किती खटले चालू आहेत ते तुम्हाला ठाऊकच आहे.

फुलांचं श्रेय मी स्वतःकडे ठेवते, कारण ती मीच बाबांना दाखवली. ब्लूबेल सगळ्यांना माहीत असतात. ऑक्सलिप मी पहिल्यांदाच पाहिली. फिक्या पिवळ्या फुलांचा घोस, सगळी फुलं एकाच बाजूला माना टाकलेली. इंग्लंडात ती मुख्यतः सफोक, केंब्रिजशर आणि एसेक्स एवढ्याच पट्ट्यात, असल्याच चिकणमातीवरच्या जुन्या जंगलांत येते. तोडलेल्या तुकड्यात ऊन जमिनीपर्यंत पोचतं आणि दुसऱ्या वसंतात ती उफाळून येते, हे तुमच्याकडून कळलं. त्यानंतर मघाची ती उघडी जागा मला ओसाड दिसेना.

आणि भेकर! दाट झाडीतून कुत्र्यासारखं भुंकणं आलं, थोडं थांबून पुन्हा एकदा. मी इकडेतिकडे कुणाचा कुत्रा सुटलाय बघतेय, आणि बाबा म्हणाले, "भेकर आहे." तुम्ही म्हणालात, "त्याचा चिनी भाऊ." मुंटजॅक विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या जमीनदारांनी शोभेसाठी आणला आणि तो सुटला, आता कोवळे कोंब खाऊन या लोकांना सळो की पळो करतो. ते फांद्यांचं कुंपण त्याच्यासाठीच. परमुलुखात ओळखीचा आवाज ऐकून बाबा जे खुलले, ते लंडनच्या सगळ्या सहलीत खुलले नव्हते.

अ‍ॅशच्या रोगाबद्दल मात्र तुम्ही फार थोडं बोललात. शेंडे वाळलेली झाडं दाखवलीत, इंग्लंडातल्या रानात ही बुरशी पहिल्यांदा सापडली ती 2012 मध्ये, शेजारच्या नॉरफोकच्या एका जंगलात, एवढं सांगितलंत, आणि पुढे चालायला लागलात. पेशंटच्या नातेवाइकांशी बोलताना तुमचा आवाज असाच होत असेल. बाबांनी विचारलं, "औषध?" तुम्ही मान हलवलीत.

माझं स्वतःचं वेगळं एक देणं आहे, ते पायवाटांचं. इथे कुणाच्याही शेतातून जायला माझा पाय धजत नसे. बाबांचं तर विचारू नका. उभ्या पिकातून परक्या माणसाने जाणं म्हणजे आमच्याकडे कुऱ्हाडी निघतील. तुम्ही नारिंगी कव्हरचा, ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी संस्थेचा नकाशा मांडीवर पसरून त्यातल्या हिरव्या तुटक रेघा दाखवल्यात आणि सांगितलंत की हा हक्क आहे, मेहेरबानी नाही. शेताच्या मधून जाणारी वाट शेतकऱ्याने नांगरली तरी चौदा दिवसांत ती पुन्हा मोकळी करून द्यायची, निदान एक मीटर रुंद. मग बार्लीतून गेलेल्या त्या सरळ पट्ट्यावरून तुम्ही पुढे, मी मध्ये आणि बाबा मागे, दोन्ही हात अंगाशी धरून, एका लोंबीलाही धक्का लागू नये म्हणून. समोरून ट्रॅक्टरवाला आला. बाबा जागच्या जागी थिजले. त्याने हात केला आणि निघून गेला. त्या संध्याकाळी बाबांनी तो नकाशा तुमच्याकडून मागून घेतला, अजून परत केलेला नाही, हे माझ्या लक्षात आहे.

त्यानंतरचं तुम्हाला माहीत आहेच, पण लोकांसाठी सांगते. तुमच्या शेडमध्ये बाबा हेझलच्या काठ्या फाडायला बसू लागले. गवती छपरं शाकारताना लागतात त्या खुंट्या: काठी उभी चिरायची, दोन्ही टोकांना अणकुची काढायची, आणि मध्ये पीळ देऊन दुमडायची, म्हणजे तंतू तुटत नाहीत. नुसती वाकवली तर कडकन मोडते. तुमच्या चोचीच्या कोयत्यावर बाबांनी आधी नाक मुरडलं, धार बघून मग गप्प बसले. तिथे येणाऱ्या तुमच्या इंग्रज मित्रांशी ते काय आणि कोणत्या भाषेत बोलतात याचा मला अजून उलगडा झालेला नाही. पण "टी ब्रेक" हा शब्द त्यांच्या तोंडात आता पक्का बसलाय. आमच्या घरामागच्या वाटाण्याच्या वेलांना आधाराला हेझलच्या फांद्या लागल्यात, त्याही तुमच्याकडच्याच.

तुमच्या वयाला, तुमच्या गुडघ्यांना न जुमानता हे केलंत. काकूंनी दर खेपेला डबा दिला, आणि बाबांना सोसेल असा तिखट दिला. तुम्हा दोघांचे मनापासून आभार.

आता एक काम. तोडीचा हंगाम नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होतो असं तुम्ही बाबांना सांगून ठेवलंत, आणि त्यांनी लगेच पुढच्या खेपेची तयारी धरलीय. आमच्या गावच्या लोहाराकडून घडवलेला कोयता विमानात चेक-इन बॅगेत चालतो का, असं काल त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आधी विमान कंपनीला विचारायला हवं. त्यांचा माझ्यावर विश्वास नाही. तुम्ही जरा फोन करून सांगाल का?

आपली,
कराडकर पाहुण्यांची लेक