सुट्टी आहे तर घरी का येत नाही

आई, बाबा,

आई, तू फोनवर परत परत विचारत होतीस की आमची शिडाची बोट एवढे दिवस केपटाऊनला नुसती उभीच राहणार असेल तर तेवढ्यात येऊन का जात नाहीस, आणि तिकडून आवाज तुटत होता, इकडे मागे कोणीतरी ग्राइंडर चालवत होतं, म्हणून म्हटलं लिहूनच काढावं. बाबांना वाचून दाखव, त्यांना इतक्यात मोबाईल डोळ्यासमोर धरू देऊ नकोस, डॉक्टरांनी सांगितलंय ना, आणि ड्रॉप्सची वेळ चुकवू नका बाबा.

तर पहिली गोष्ट, ही सुट्टी आम्ही कोणी मागून घेतलेली नाहीये. डर्बनहून निघालो तेव्हा प्लॅन असा होता की केपटाऊनला आठवडाभर थांबायचं, सामान भरायचं आणि चालू पडायचं. पण तो डर्बनपासूनचा किनारा म्हणजे जरा अवघडच प्रकार आहे. तिथे अगुल्हास नावाचा गरम पाण्याचा प्रवाह किनाऱ्याच्या बाजूने खाली वाहतो, बोटीला फुकटात तीन-चार नॉटचा (म्हणजे तासाला तीन-चार सागरी मैलांचा) स्पीड मिळतो, मजा वाटते, पण समोरून नैऋत्येचा वारा आला की तोच प्रवाह आणि वारा एकमेकांवर आपटतात आणि लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात. त्यात डर्बन ते ईस्ट लंडन साधारण 250 सागरी मैल आसरा घ्यायला धड बंदर नाही, म्हणून सगळेच हवामान बघून, वाट बघून निघतात. आम्हीही तसेच निघालो, आणि मोठं काही झालं नाही (आई, खरंच नाही झालं), पण बोट बरीच आपटली.

इथे आल्यावर स्किपर, म्हणजे आमची कॅप्टन, म्हणाली वरपासून खालपर्यंत सगळ्या वायरी तपास. मास्टला, म्हणजे शिडाच्या उंच खांबाला, दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या ज्या जाड स्टीलच्या वायरी असतात ना, त्या. त्याची पद्धत एकदम साधी आहे, कापसाचा बोळा घ्यायचा आणि वायरवरून हळूहळू फिरवायचा, कुठे बारीक तार तुटली असेल तर कापूस तिथे अडकतो. मी दोरीच्या खुर्चीत बसून वर जाऊन तपासत तपासत खाली आले, सगळं ठीक, आणि अगदी तळाशी, जिथे वायर फिटिंगमधे शिरते तिथेच कापसाचा एक तंतू अडकून राहिला. नख लावून बघितलं तर केसाएवढी तार बाहेर आलेली. एकोणीस तारांतली एक. दिसायला काहीच नाही, पण अशा वायरवर अख्खा अटलांटिक ओलांडायचा म्हणजे वेडेपणा.

आणि इथली गंमत अशी की डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सगळी वर्कशॉप बंद. इथे तेव्हा भर उन्हाळा ना, रात्री आठपर्यंत उजेड, सगळे कारागीर कुटुंबासकट समुद्रावर. वायरवाल्याच्या दाराला नुसती पाटी. म्हणून आमची सुट्टी.

आता तू म्हणशील मग काय अडलं होतं यायला. एक कारण वारा. उन्हाळ्यात इथे आग्नेयेचा वारा सुटतो, त्याला केप डॉक्टर म्हणतात, कारण म्हणे तो शहरातली घाण हवा उडवून नेतो, आमचा मात्र झोपेचा आजार त्याने वाढवलाय. टेबल माउंटनवर पांढरा ढग चादरीसारखा पसरायला लागला की समजायचं आता आलाच, आणि मग तो चाळीस नॉटच्या वर जातो, दोर घासून घासून तुटतात, बाजूच्या बोटी येऊन धडकतात. बोटीवर कायम कोणीतरी लागतंच. आम्ही चौघं, त्यातले दोघं घरी गेले, उरलो मी आणि स्किपर. दोघींतली एक कायम बोटीवर, मग कसली आलीये सुट्टी. रात्री तीनला अजून डोळे आपोआप उघडतात, वॉचची, म्हणजे रात्री पाळीने पहारा करायची सवय, आणि मग कळतं की बघायला काहीच नाहीये, समोर फक्त तरंगत्या धक्क्यावर पसरलेले सील आहेत, आणि त्यांचा वास!

दुसरं कारण खरं आहे. गेलेल्या दोघांपैकी एकाचा मेसेज आला, तो परत येत नाहीये. म्हणाला घरी दोन रात्री सलग झोपलो आणि संपलं. मला राग नाही आला, खोटं कशाला सांगू, हेवाच वाटला. आणि तेव्हाच ठरवलं की मधे यायचं नाही. मी स्वतःला ओळखते ना, तुमच्या दारात पाय ठेवला की मी परत निघणार नाही, आणि बाबा काही बोलायचे नाहीत पण विमानतळावर मुद्दाम हळू चालतील.

बाबा, तुमच्या कामाची एक गोष्ट आहे इथे. सिग्नल हिल नावाच्या टेकडीवरून रोज दुपारी बरोब्बर 12 वाजता तोफ उडते. ही पद्धत 1806 पासूनची, टेकडीवर ती 1902 मधे आली. बंदरातल्या जहाजांनी आपलं घड्याळ लावून घ्यावं म्हणून ती सुरू झाली, कारण रेखांश घड्याळावरूनच काढायचे, आणि घड्याळ 4 सेकंद चुकलं तर विषुववृत्तावर 1 सागरी मैलाचा फरक पडतो. हुशार खलाशी आवाजावर नाही, धुरावर घड्याळ लावायचे, आवाज पोचायला वेळ लागतो ना. आता ती वेधशाळेतून येणाऱ्या सिग्नलवर उडते. रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला तोफेलाही सुट्टी, नाताळात नाही उडाली तर मला जेवायची वेळच कळेना. तुमचं चावीचं घड्याळ इथे असतं तर तुम्ही रोज टेकडीकडे बघत उभे राहिला असता.

परवा 2 तारखेला मात्र स्किपरने मला हाकललं, म्हणाली जा, आज बघायचंच असतं. इथे 2 जानेवारीला दुसरं नववर्ष म्हणतात. डच लोकांनी गुलाम म्हणून माणसं आणली होती, इंडोनेशिया, मादागास्कर, मोझांबिक, आणि आपल्या भारतातूनसुद्धा, बंगाल-मलबारच्या किनाऱ्यावरून. मालकांचं नववर्ष 1 तारखेला, तेव्हा हे राबणार, म्हणून यांना सुट्टी दुसऱ्या दिवशी. त्यांच्या वंशातले लोक अजून चकचकीत सॅटिनचे कपडे घालून, तोंडं रंगवून, बँजो आणि ढोल वाजवत रस्त्यावर येतात. मी बोकाप नावाच्या वस्तीजवळ उभी होते. माझ्या बाजूला एक आजी स्वतःची खुर्ची घेऊन पहाटेपासून जागा धरून बसलेल्या, मिरवणुकीत त्यांचा नातू होता, पिवळी छत्री फिरवत. तो समोरून गेला तेव्हा त्या एवढ्या जोरात ओरडल्या की तो लाजून दुसरीकडेच बघायला लागला. आई, अगदी तू, गॅदरिंगमधली.

वायरवाला सोमवारी उघडतोय. दोन्ही बाजूंच्या वायरी नवीन टाकू, बोटीवर यायला एक नवा साथीदार शोधू, मग सेंट हेलेना बेट, 1700 सागरी मैल, साधारण दोन-अडीच आठवडे. तिथे आमच्यासारखी बोट लावायला धक्का नाही, बोट बाहेर बांधायची आणि होडीने पायऱ्यांशी जाऊन वरून लोंबणारा दोर पकडून उडी मारायची. नेपोलियनला तिथेच ठेवला होता, 1821 मधे तिथेच गेला. पोचले की पहिला फोन तुम्हाला.

आणि बाबा, बोटीवरच्या ट्रॅकरचं. तो दर चार तासांनी नकाशावर आमची जागा दाखवतो, पण ढगाळ दिवसांत सोलरची वीज कमी पडली की आम्ही बंद ठेवतो. नकाशावरचा ठिपका दिवसभर हलला नाही तर मला मेल करा, मावशीला फोन करून तिला घाबरवू नका. ठिपका मागे जाताना दिसला तरी नका करू, वारा समोरून असला की तिरकं तिरकंच जावं लागतं.

तुमची,
चिमी